लक्ष्मीच्या तोंडाला जाळी

आश्विन शु. ४
आलं एकदाचं! पीठ मळायचं मशीन. जुनंच आहे, पण विजेवर चालतं. घोडपदेवात आपल्याच बेकरीत पहिलं, असं मामंजी अख्ख्या चाळीला सांगून आले. आमचा कामगार बाबल्या इतकी वर्षं हाताने पीठ मळत होता. मला म्हणाला, "वयनी, माझो खांदो वाचलो." बेकरीवरच्या आमच्या माळ्यावरून सारखी खाली जाऊन बघून येतेय. सासूबाई म्हणाल्या, फणसवाडीत माहेरी मशिनं नव्हती वाटतं.

शु. ६
माझ्या हातातलं लाकडी उलथणं आज मशीनमध्ये पडलं. काडीसारखं मोडलं. आणि कडेचं पीठ खरवडायला बाबल्या चालू मशीनमध्ये हात घालतो. हेसुद्धा घालतात! जेवताना म्हटलं, वरून जाळी बसवू या. मामंजी म्हणाले, घरात आलेल्या लक्ष्मीचं तोंड झाकायचं नाही. विषय संपला.
माझा नाही संपला.

दसरा

पूजा झाली. मामंजींनी मशीनला झेंडूचा हार घातला आणि तसंच सुरू करायला सांगितलं. हार आत ओढला गेला. देवाचा हार तुडवला जातोय म्हणून मामंजींनी तो धरायला हात घातला. सदऱ्याची बाही टरकन गेली. बाबल्याने मागून कमरेला मिठी घालून ओढलं नसतं तर…
हात शाबूत आहे. पिठात झेंडूच झेंडू, सगळं फेकलं.
मामंजी पोत्यावर जाऊन बसले. चहा नेला तेव्हा म्हणाले, "आज हात गेलो असतो."
मी म्हटलं, "देवीच्या गाभाऱ्यालाही जाळीचं दार असतं, मामंजी. त्याने तिचं तोंड कुठे झाकलं जातं?"
मामंजींनी कप खाली ठेवला. मग ह्यांना म्हणाले, लालबागच्या लोहाराकडे माप धाड.
जिंकले!

कोजागिरी
जाळीचं दार बसलं. कडी लागली की खट्ट वाजते, वर माळ्यापर्यंत ऐकू येतं. किती गोड आवाज! मामंजींनी जाळीला कुंकू लावलं. बाबल्याची कुरकुर चालू: मशीन थांबवा, कडी काढा, खरवडा, परत लावा. होईल सवय.

आश्विन व. ३
संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला पाव आपल्याकडून! सकाळपासून अंगात वारं शिरलंय. हे खाली 'मुंबईसह' म्हणत पिठाचे गोळे आपटतायत, मी वर घोषणा देत भांडी घासतेय. मध्येच लक्षात आलं, मशीन चालू आहे आणि खट्ट झालंच नाही.
धावत खाली. जाळी काढून भिंतीला टेकवलेली, कुंकवासकट. ह्यांचा हात कोपरापर्यंत आत. मी बटण बंद केलं.
"आजच्यापुरतं गं," हे म्हणाले. "मुंबईसाठी."
"मुंबई मिळाल्यावर टाळ्या कशाने वाजवणार?"
बाबल्या हसला. हे हसले नाहीत. जाळी लावूनच पुढचं पीठ मळलं. पाव उशिरा गेले, पण गेले. ह्यांनी अबोला धरलाय.
उद्याची ऑर्डर दुप्पट आहे. मी भाजी निवडायला खालीच बसणार. पिठाच्या पोत्यावर, बटणाशेजारी.