स्कॉटलंडचे पोलीस आणि आमचे बाबा

सोमवार, ६ मे २०१३

प्रबंधाचं तिसरं प्रकरण संपवलं एकदाचं! हॉलंडने जानेवारीत सव्वीस पोलीस दलांचं एक केलं, स्कॉटलंडने एप्रिलमध्ये आठांचं एक. या दोघांची तुलना हाच माझा प्रबंध. बँकेतली नोकरी सोडून चाळिशीत पीएचडी — पण टेबलाशी बसले की बरं वाटतं.

बाबांना साताऱ्याहून इथे सिंगापूरला येऊन महिना झाला. निवृत्त फौजदार. रोज संध्याकाळी आमच्या तोआ पायोह भागातल्या पोलीस चौकीवरून फेरी मारतात. "आरडाओरडा नाही, काही नाही. पोस्ट ऑफिस वाटतं." यावर आमची लेक वल्लरी, इथल्या इंग्रजीत, "आजोबा, दिस इज सिंगापूर लाह."

गुरुवार, ९ मे

माझ्या गाईड प्रोफेसर लिम यांना प्रकरण पटलं नाही. "नकाशे आहेत, आकडे आहेत. पोलीस कुठे आहे?" मेट्रोत बसेपर्यंत राग होता. घरी येईपर्यंत पटलं.

शुक्रवार, १० मे

बाबांना प्रकरण वाचून दाखवलं, मराठी करत करत. हॉलंडमध्ये वस्तीला ठरलेला पोलीस असतो, एकत्रीकरणानंतरही तो ठेवलाय — खूश झाले. "आमचा बीट हवालदारच की." स्कॉटलंडमध्ये मात्र लांबच्या गावांना धास्ती, आता आपलं ऐकणार कोण. "ऐकायचं कशाला? मुंबईहून हुकमाचा कागद येतो, तसं." दोन तास कसे गेले कळलं नाही. माझं लग्न झाल्यापासून बाबा आणि मी इतकं बोललोच नव्हतो.

रविवार, १२ मे

डोसे केले. खाता खाता बाबांनी मध्येच विचारलं, "तिथे हवालदाराला साहेबाविरुद्ध काही सांगायचं असलं तर?"

म्हटलं, स्कॉटलंडमध्ये पोलिसांवरच्या गंभीर आरोपांच्या चौकशीला आता पोलिसांबाहेरचं वेगळं कार्यालय आहे.

"बाहेरचं?" दोनदा विचारलं. डोसा तसाच गार झाला.

मंगळवार, १४ मे

नवं प्रकरण सुचलं — हेच सगळं, पण शिपायाच्या बाजूने. आधी बाबांनाच प्रश्न विचारून बघणार. लिम चक्क हसल्या. म्हणाल्या, "आत्ता कुठे सुरुवात झाली." फार दिवसांनी इतकं हलकं वाटतंय.

बुधवार, १५ मे

सकाळी उठले तर बाबा माझ्या टेबलाशी बसलेले. म्हणाले, "मी हवालदार असताना साहेबांनी कोठडीत एकाला मारलं. तो गेला. चौकशीत मी सांगितलं, मी सुट्टीवर होतो." मग पेन माझ्यापुढे सरकवलं. "मी दारात उभा होतो, सुलेखा. लिही. माझ्या नावासकट."