मामांचं आत्मचरित्र आणि अठराशे सेहेचाळीस प्रश्न

तीर्थरूप मामांना, आणि हे पत्र नेहमीप्रमाणे चष्मा लावून घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचत असतील त्या मामींना, भाचीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? (या वाक्यापाशी मामी खोकल्या असतील तर उत्तर कळवण्याची गरज नाही.) आम्ही इकडे सुखरूप आहोत. म्हणजे आईबाबा एकमेकांशी बोलत आहेत आणि घरातले दिवे लागत आहेत. गेले तीन आठवडे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत नव्हत्या, म्हणून मुद्दाम लिहिते.

तुम्ही नकाशा कार्यालयातून निवृत्त झालात तेव्हा कार्यालयाने मोडीत काढलेलं तुमचं वर्कस्टेशन तुम्ही माझ्या हवाली केलंत आणि एकच अट घातलीत. त्यातल्या डिस्कवर अकरा वर्षं दर रविवारी कार्यालयात एकट्याने बसून लिहिलेलं तुमचं चारशे बारा पानांचं आत्मचरित्र आहे, ते बाहेर काढून द्यायचं. घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून हे काम माझ्याकडे येणं मला अगदी रास्त वाटलं. शिवाय आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी मला शब्द दिला होता. ज्यांनी जन्मात कधी कॉम्प्युटरला हात लावला नाही, अशा मोठ्या माणसांसाठी मला फुकट वर्ग चालवायचा आहे हे तुम्हाला माहीतच आहे. बाई म्हणाल्या, "तुझी पदवी भिंतीवर पाहिली, आता जरा कामात पाहू. मामांचं पुस्तक काढून दाखव, मागची खोली तुझी." त्या खोलीत सध्या मोडक्या खुर्च्या आहेत. मी मनातल्या मनात त्या सगळ्या दुरुस्त करून, रंगवून, ओळीने मांडूनही टाकल्या होत्या.

आता अडचण काय होती ते मामींना समजेल असं सांगते. कॉम्प्युटरच्या सिस्टीमच्या पोटात कर्नेल नावाचा एक गाभा असतो. यंत्राच्या प्रत्येक भागाशी बोलणं, कोणाला काय हवं ते बघणं, कोणाला थांबवणं, हे सगळं तोच करतो. (आपल्या घरांमध्ये हे काम कोण करतं ते लिहीत नाही, कारण वाचणाऱ्या व्यक्तीला संकोच होईल.) तुमच्या यंत्रातली जुनी सिस्टीम कार्यालयाने पुसून टाकली होती. मी दुसरी, युनिक्स नावाच्या जुन्या सिस्टीमच्या वळणाची, फुकट मिळणारी सिस्टीम एका छोट्या डिस्कवर घालून आत बसवली. तिच्याबरोबर आलेला तयार कर्नेल सुरू झाला, पण तो आजकालच्या यंत्रांसाठी बनवलेला. तुमच्या म्हाताऱ्या डिस्कला तो ओळखच दाखवीना. अशा वेळी आपला कर्नेल आपणच बांधायचा असतो. त्यासाठी सिस्टीम प्रश्न विचारते, या भागाची सोय हवी का, त्या भागाची हवी का. आपण हो किंवा नाही म्हणायचं. मग तिने कर्नेल बांधायला घ्यायचा. सोपं आहे. प्रश्न फक्त अठराशे सेहेचाळीस होते.

आणि इथे माझी तत्त्वं आडवी आली. मामा, मी असं मानते की ज्ञान एका माणसाच्या डोक्यात अडकून पडता कामा नये. घरात पहिली पदवी आली म्हणून बाकीच्यांनी बाजूला उभं राहून बघत बसायचं, हे मला पटत नाही. म्हणून मी ठरवलं की प्रत्येक प्रश्न घरच्यांसमोर मराठीत मांडायचा आणि उत्तर सगळ्यांनी मिळून द्यायचं. आई म्हणाली, "चहा मी करते, पण हे तू एकटीच कर." मी ऐकलं नाही.

बाबांचं तुम्हाला ठाऊक आहे. सव्वीस वर्षं कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवताना त्यांनी एकही किल्ली फेकलेली नाही. कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्यांचे तीन डबे दुकानात आहेत आणि चौथा आमच्या पलंगाखाली. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा धर्म. तेव्हा मी विचारलं, हौशी रेडिओवाल्यांशी बोलायची सोय हवी का? बाबा म्हणाले, "उद्या आला एखादा रेडिओवाला दारात, तर काय सांगणार त्याला? हो म्हण." बत्तीस प्रोसेसर सांभाळायची सोय हवी का? (आपल्या यंत्रात एक आहे, आणि तोही थकलेला.) "आज एक आहे. म्हणून माणसाने एकावरच थांबायचं का? हो म्हण." यंत्र मध्येच झोपी गेलं तर त्याला हलवून उठवणारा पहारेकरी हवा का? यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली की असला तर आधी बाबांना लावा. बऱ्याच प्रश्नांखाली एक सूचना असते, खात्री नसेल तर नाही म्हणा. ती वाचून दाखवली तेव्हा बाबा खरोखर दुखावले. "नाही म्हणायला पदवी कशाला लागते?" असं म्हणून ते चष्मा पुसत बसले. त्यानंतर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

सगळ्याला हो म्हटलेला कर्नेल बांधायला त्या यंत्राला अठ्ठावन्न तास हवे होते. एक्केचाळिसाव्या तासाला बाबांनी दुकानात किल्ल्या घासायचं मशीन सुरू केलं आणि घर-दुकानाचा फ्यूज उडाला. (दुकान आणि घर यांच्यात एकच भिंत आहे आणि विजेच्या दृष्टीने तीही नाही.) पुन्हा पहिल्यापासून. पुढचे तीन दिवस बाबांनी किल्ल्या हाताने कानशीने घासल्या. त्यातली एक गिऱ्हाइकाच्या कुलपापेक्षा त्याच्या शेजाऱ्याच्या कुलपाला जास्त चांगली लागली, पण ते प्रकरण आता मिटलं आहे. शेवटी कर्नेल तयार झाला आणि सुरू करायला गेले तर यंत्राने एका ओळीत कळवलं की हा फार मोठा आहे, मला उचलवत नाही. बाबांना त्यातही अभिमान वाटला.

मग आईने सूत्रं हाती घेतली. आई रुग्णालयाच्या धुलाई विभागात मुकादम आहे. तिथला तिचा नियम असा की ज्या कपड्यावर क्रमांकाची चिठ्ठी नाही तो कपडा बाहेर. तिने एक एक प्रश्न ऐकला आणि प्रत्येक वेळी एकच उलट प्रश्न केला, "कोणाचं आहे ते?" मला चटकन मालक सांगता आला नाही की उत्तर 'नाही'. अठराशे सेहेचाळीस प्रश्न तिने एका दुपारीत उरकले, मध्ये चादरींच्या घड्या घातल्या ते वेगळंच. हा कर्नेल अवघ्या पाऊण तासात तयार झाला. यंत्र झटक्यात सुरू झालं आणि पडदा काळाच राहिला, कारण पडदाही नाहीमध्ये गेला होता. कळफलकही गेला होता. पंखा तेवढा फिरत होता. आम्ही तिघं दोन तास त्याच्यासमोर अदबीने बसून होतो. आईचं मत अजूनही असं आहे की ते उत्तम चाललं होतं, उगाच उलट बोलत नव्हतं एवढंच.

त्यावरून त्या दोघांचं बोलणं बंद झालं. सांगायचं असलं तर माझ्यामार्फत. "तुझ्या आईला सांग, पडद्याला नाही म्हणणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली." "तुझ्या बाबांना सांग, पलंगाखालचा डबा आज बाहेर जातोय." मी निरोप पोहोचवता पोहोचवता सिस्टीमबरोबर आलेली प्रश्नांची पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून वाचली, तेव्हा लक्षात आलं की कित्येक प्रश्नांना तिसरंही एक उत्तर देता येतं. हो नाही, नाहीही नाही. तो भाग वेगळा तयार करून डिस्कवर ठेवून द्यायचा आणि लागेल तेव्हा आत बोलवायचा. मामा, हे ऐकल्यावर दोघांचे चेहरे असे उजळले, जणू त्यांच्यासाठीच कोणी ती सोय केली होती. बाबांचं समाधान, कारण काही फेकलं जात नाही. आईचं समाधान, कारण काही मध्ये येत नाही. जिथे जिथे तिसरं उत्तर चालत होतं तिथे तिथे एकमताने तेच दिलं आणि दोघं एकमेकांशी बोलले. मला वाटलं, माणसांचे सगळे तंटे असेच सुटू शकतील. त्या आनंदात मी शेजारी जाऊनही हे सांगून आले.

यंत्र सुरू झालं, पडद्यावर भराभर ओळी धावल्या आणि शेवटी आलं कर्नेल पॅनिक. म्हणजे गाभ्याची घाबरगुंडी उडाली आणि त्याने काम सोडलं. आई म्हणाली, "घाबरणार नाही तर काय, तिघं तिघं तोंडावर बसलोय त्याच्या." मी तासभर डोकं धरून बसले. मग पुस्तिकेत सापडलं ते बाबांना सांगितलं. डिस्क वाचायची हातोटीसुद्धा आपण तिसऱ्या उत्तरात टाकली, म्हणजे ती ठेवली आहे डिस्कवर. आता डिस्क वाचल्याशिवाय ती मिळणार नाही आणि ती मिळाल्याशिवाय डिस्क वाचता येणार नाही. बाबा मोठ्याने हसले. "अगं, कपाटाची किल्ली कपाटात! आठवड्याला चार जण येतात हेच घेऊन." आजवर त्यांना माझं एकही शैक्षणिक वाक्य इतकं पटलं नव्हतं. ते म्हणाले, किल्ली बाहेर ठेव, बाकी सगळं कपाटात राहू दे. मी डिस्कशी बोलणाऱ्या भागांना हो म्हटलं, आणि पुढच्या गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुमच्या म्हाताऱ्या डिस्कने डोळे उघडले. आई-बाबांनी टाळ्या वाजवल्या. दुकानातलं गिऱ्हाईकही वाजवू लागलं.

आता वाईट बातमी. मामी, इथे थोडं सावकाश वाचा. पडद्यावर "आत्मचरित्र अंतिम" हे नाव मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण अठराशे सेहेचाळीसमधला एक प्रश्न असा होता की जुन्या डिस्कवर नव्याने लिहायची सोय हवी का. त्याखाली स्पष्ट छापलं होतं, धोक्याचं आहे, खात्री नसेल तर नाही म्हणा. मी उत्साहाच्या भरात हो म्हटलं. त्यापायी चारशे बारा पानांपैकी पहिली चार उरली आणि चारशे आठ गेली. यात मामांची काडीची चूक नाही, यंत्राची नाही, बाबांचीही नाही. चूक माझी, माझ्या पदवीची आणि माझ्या घाईची. मी ग्रंथपालबाईंनाही तसंच सांगितलं आहे. मामींनी अकरा वर्षं रविवारचे पाहुणे परतवून लावले, त्याची भरपाई माझ्याच्याने होणार नाही हे मला कळतं. तरी पाने परत मिळवण्याचे काही उपाय असतात आणि मी हार मानलेली नाही. सोबत सर्व प्रश्नोत्तरांची सतरा पानांची यादी जोडली आहे. ती रुक्ष आहे, मामींनी डोळ्यांना त्रास देऊ नये. मामांनी मात्र शेवटच्या पानापर्यंत अवश्य पाहावी.

दोघांनी प्रकृतीस जपावं आणि माझ्यावर जमेल तेवढंच रागवावं.

तुमची भाची

ता. क. (यादीच्या सतराव्या पानामागे, फक्त मामांसाठी)

मामा, मी काहीही पुसलेलं नाही. त्या प्रश्नाला मी नाहीच म्हटलं होतं, तुमच्या डिस्कवर मला एक अक्षरही लिहिता येत नव्हतं. फाइल चारच पानांची आहे. पहिल्यावर नाव, दुसऱ्यावर मामींना अर्पण, तिसऱ्यावर बत्तीस प्रकरणांची यादी आणि चौथ्यावर "माझा जन्म झाला तेव्हा". "अंतिम", "अंतिम दोन" अशा एकूण एक्केचाळीस फायली आहेत आणि प्रत्येकीत तुम्ही वेगळ्या हवेत जन्मला आहात. एकीत भर दुपार आहे, एकीत धुकं आहे, एकोणिसावीत जुळे आहात. त्याच डिस्कवर पत्त्यांच्या खेळाचे गुणही नोंदलेले आहेत. अकरा वर्षांत नऊ हजार तीनशे बारा डाव, सगळे रविवारचे. एकट्याने खेळायच्या खेळात इतके डाव हरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, "दादाला कळवू नकोस आपल्याला कळलंय ते," आणि आत जाऊन बराच वेळ हसली.

ता. क. दोन. आता खरं काम. चारशे आठ पाने लिहून पाठवा. हाताने लिहा, दहा-दहा पाने पाठवलीत तरी चालेल. मी टाइप करून "परत मिळाली" म्हणून जाहीर करत जाईन. लवकर करा, कारण ग्रंथपालबाईंनी मागच्या खोलीला कुलूप लावलं आहे (बाबांच्याच दुकानातलं). त्या म्हणतात, जिने सख्ख्या मामाचं आयुष्य पुसलं तिच्या हाती माणसं कशी द्यायची? वर्गासाठी अकरा जणांनी नावं दिली होती. त्यातल्या एक आजी एकाहत्तर वर्षांच्या आहेत, त्या रोज दुकानात येऊन विचारतात, मामांचं कितवं पान सापडलं?

ता. क. तीन. जन्माचा भाग सोडून द्या, मामा. तो झालेला आहे आणि त्याबद्दल आपल्या घरात कोणाचाही वाद नाही. दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करा.