झाकण दाबून धरणाऱ्या दादाला

दादा,

प्रिय वगैरे आज लिहीत नाही. रागात आहे, म्हणूनच लिहायला बसले.

आज तुझी माही माझ्याकडे आली होती. पोरीला बरं वाटावं म्हणून मी गॅसवर पातेलं ठेवलं, तेलात मक्याचे दाणे टाकले. पहिला दाणा फुटला आणि ती स्वयंपाकघरातून पळालीच. गॅस बंद करून मागे गेले, तर म्हणते, "आत्या, मैंने पॉपकॉर्न नहीं माँगा होता तो पापा जाते ही नहीं न?"

आठ वर्षांची पोट्टी, दादा! हे मनात घेऊन ती शाळेत जाते, जेवते, झोपते. आम्हाला कुणाला कळलंसुद्धा नाही.

लहानपणी गुढियारीच्या घरी मला पॉपकॉर्न तूच करून द्यायचास. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं म्हणून लोक मिठाई वाटत होते, त्या संध्याकाळीही तू मकाच फोडत होतास. फडक्याने झाकण दाबून धरायचास, पातेलं हलवायचास आणि मी जवळ आले की ओरडायचास, "दूर हो पोट्टे, डोळ्यात उडन." मला दाराबाहेर उभं करायचास. माझ्या डोळ्याची एवढी काळजी! मग स्वतःच्या डोक्याची का नाही?

त्या रविवारी घरातला मका संपला होता. तू गाडीची किल्ली उचललीस. वहिनी म्हणाली, हेल्मेट घाला. दाराजवळच्या खुंटीला लटकलेलं होतं. तू म्हणालास, "काहून? इथंच तर जाऊन राहिलो, चौकात."

नवा रायपूरला ऑफिसला जाताना रोज घालायचास, कारण वाटेत पोलीस उभा असतो. घरापासून तेलीबांधा चौकापर्यंत पोलीस नव्हता. म्हणजे हेल्मेट पोलिसासाठी होतं? बायको-पोरीसाठी नव्हतं?

कुणी धडकलंही नाही. वळणावरच्या वाळूवरून गाडी घसरली, एवढंच. अंगाला फारसं लागलेलं नाही, डोक्याला लागलंय, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा बाकी सगळे रडले. मला नुसती चीड आली. अजून येते.

आज माहीला जवळ घेऊन सांगितलं, "पॉपकॉर्न मागणं चूक नसते, बेटा. पापाने हेल्मेट घातलं नाही, ती पापाची चूक."

तिने विचारलं, "आप पापा से गुस्सा हो?"

"हव. खूप."

"मैं भी," ती हळूच म्हणाली. आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडली.

गेलेल्या माणसाला दोष देऊ नये म्हणतात. आई तर तुझ्याबद्दल एक शब्द ऐकून घेत नाही. पण मी देणार. वचन देते, दादा, माही जितक्या वेळा विचारेल तितक्या वेळा तिला हेच सांगीन. तू माझा कितीही लाडका असलास, तरी तुझी चूक त्या लेकराच्या माथी बसू देणार नाही.

तुझ्यावर चिडलेली,
सुमी