विजयरावांच्या घोट्याबाबत खुलासा

गोडादरा, सुरत
२५ जानेवारी

सौ. वंदनाताई यांना गजेंद्र बोरसे याचा, आणि त्याच्यामागे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुंदराचा, मनापासून नमस्कार.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. आपली, चेतनरावांची आणि आमच्या अमृताची प्रकृती उत्तम असेल असं समजतो. जळगावला थंडी फार पडल्याचं टीव्हीवर दाखवतात, तेव्हा सकाळी डोक्याला काही बांधल्याशिवाय अंगणात जाऊ नये. आपल्या गुडघ्याला आता कसं आहे? (हे सगळं मी खरोखर विचारतो आहे, वेळ काढत नाही. थोडा काढतो आहे.)

अमृता-चेतनरावांचं लग्न होऊन सात वर्षं झाली, पण व्याही या नात्यानं आपल्याशी थेट बोलायचा प्रसंग मला फारसा आला नाही. ‘या’, ‘बसा’, ‘जेवण झालं का’ आणि ‘येतो आम्ही’ या चार वाक्यांवर आपलं व्यवस्थित चाललं होतं. त्यात मी चाळीस वर्षं लूमवर काढलेला माणूस. पन्नास माग एकदम खटखटत असताना बोलायची सवय लागलेली, त्यामुळे फोनवर माझा आवाज आपल्याला भांडणाचा वाटतो, हे अमृतानं मला हळूच सांगितलं आहे. विजयराव पडले त्या दिवशी घरी आल्यावर मी तीन वेळा फोन करून घडलेला प्रकार सांगितला आणि तिन्ही वेळा आपण सगळं ऐकून घेऊन फक्त ‘बरं’ म्हणालात. पहिलं ‘बरं’ मला साधंच वाटलं. तिसऱ्यानंतर सुंदरा म्हणाली, आता लिहूनच कळवा. म्हणून हा कागद.

विजयराव संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं आमच्याकडे उतरले, ते आठ दिवसांच्या बोलीवर. पहिले दोन दिवस आम्ही दोघं खुर्च्यांवर समोरासमोर बसलो. व्याह्याशी काय बोलावं हा मोठाच प्रश्न असतो. ते बँकेतले, मी कारखान्यातला. हवापाणी झालं, नातवाचे दात झाले, मग आम्ही दोघंही पंख्याकडे बघत बसलो (पंखा बंद होता). तिसऱ्या दिवशी त्यांची नजर ओट्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलेल्या माझ्या सायकलीवर गेली. ताडपत्री त्यांनी स्वतः बाजूला केली, सीटवरची धूळ रुमालानं पुसली आणि घंटी वाजवून बघितली. म्हणाले, ‘‘चालते का ही?’’

ताई, ह्या सायकलीनं मला एकोणीस वर्षं कडोदऱ्याच्या कारखान्यात नेलं आणि परत आणलं. हँडलला डबा, मागे कॅरिअरला कुणीतरी पाव्हणा. चौघं निघायचो आम्ही लिंबायतहून. तेव्हा वस्ती संपली की दोन्ही बाजूंना ऊस लागायचा आणि मध्ये आंब्याची झाडं. रात्रपाळी सुटली की सकाळी सरळ घरी न जाता आम्ही कालव्याच्या रस्त्यानं लांबून यायचो, कारण बारा तास कानात खटखट भरलेली असायची, ती पाण्याच्या कडेनं दोन कोस गेल्यावर कमी व्हायची. घरचे म्हणायचे उशीर का झाला, आम्ही सांगायचो पंक्चर. इतकी पंक्चर कुठल्याही सायकलीला झाली नसतील. त्या चौघांपैकी एक गावी शेती बघतो, एक वारला, एकाला मुलानं स्कूटर घेऊन दिली आणि तो आता कुठेही जात नाही. एवढं मी विजयरावांना सांगितलं आणि ते म्हणाले, ‘‘उद्या जाऊ या. कालवा बघू.’’

दुसरी सायकल शेजारच्या पुष्पाबाईंकडून आणली. त्या तिच्यावर भाजी आणतात, म्हणून पुढच्या टोपलीत मेथीची काडी-काडी राहिली होती, ती विजयराव वाटेत काढून हुंगत होते. सुंदरानं त्यांच्या गळ्याला मफलर गुंडाळून दिला, थंडीसाठी नव्हे, मांजासाठी. उत्तरायण होऊन गेलं तरी इकडे झाडांना आणि तारांना आठवडाभर दोरा लोंबत असतो. (काळजी घेतली नाही असं आपण म्हणू नये, म्हणून लिहिलं. त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया आम्ही विसरलो नव्हतो. डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला आहे, असं ते स्वतः म्हणाले.)

ठरलं होतं असं, की कालव्याचा पहिला पूल बघायचा आणि नाश्त्याला घरी यायचं. आता ह्यात चूक कुणाची हे आपणच ठरवा. पहिल्या पुलावर माझा डावा गुडघा बोलू लागला होता. पण व्याह्यांसमोर आपण कसं म्हणायचं, की मी थकलो? मी म्हणालो, ‘‘आपण थकला असाल.’’ ते म्हणाले, ‘‘छे, मी ठीक आहे, आपण थकला असाल तर वळू.’’ मी म्हणालो, माझं काहीच नाही. मग दोघांनाही पुढे जावं लागलं. दुसऱ्या पुलावर हाच संवाद झाला, फक्त तो त्यांनी सुरू केला. तिसऱ्या पुलावर बोलायला दम नव्हता, म्हणून नुसत्या माना हलवल्या. अशा रीतीनं केवळ परस्परांच्या मानापायी आम्ही बारडोलीच्या बाजूला कितीतरी आत गेलो. नातं थोडं कमी मानाचं असतं तर साडेआठला घरी होतो.

पण खरं सांगू का, वाईट वाटलं नाही. कडोदऱ्यापर्यंत मला माझी जुनी वाट ओळखूच आली नाही. कारखाने, गोदामं, ट्रक, जिथे आम्ही सायकली टेकवून दात घासायला दातून तोडायचो तिथे चार मजली इमारत. पण कालव्याला लागल्यावर पाण्यावर धुकं होतं, उसाला तुरे आले होते, बगळे ओळीनं बसले होते आणि कुठूनतरी कारखान्याच्या मळीचा तो गोडसर, आंबूस वास येत होता. वास काही बदलला नव्हता. मी विजयरावांना म्हणालो, बघा, इथून पुढे माझं सगळं तसंच आहे. त्यांनी मान हलवली आणि थोडा वेळ घंटी वाजवत राहिले, रस्त्यावर कुणीही नसताना.

त्यानंतर खड्डा आला. विजयराव उसाला पाणी देण्याच्या चारीत गेले, आणि माझे ब्रेक जुने असल्यामुळे मीही त्यांच्यावर गेलो. पाणी कमरेएवढं नव्हतं, मांडीएवढं होतं. फोन तिथेच गेला. आणि ताई, पडताना आपले यजमान जे ओरडले ते आपण कधी ऐकलं नसेल. ‘‘ओ माय वं!’’ असं ओरडले ते, अस्सल अहिराणीत. आपण नाशिकच्या, आपल्या घरात शुद्ध बोलतात, आणि विजयराव बँकेत असल्यापासून तसंच बोलतात. मी तर सात वर्षं त्यांच्याशी बोलताना जीभ सांभाळत आलो. पण पडलेला माणूस स्वच्छ भाषेत ओरडत नाही.

ओरडणं ऐकून शेजारच्या उसातून तोडणीवाले धावत आले. ते निघाले पारोळ्याकडचे. थंडीत इकडे ऊस तोडायला येतात, कालव्याकाठी पाल ठोकून राहतात. त्यांच्यातल्या एक उषाबाई, असतील साठीच्या, कोयता हातात तसाच धरून वाकून बघत म्हणाल्या, ‘‘काय व्हयनं भाऊ, पडना का?’’ विजयराव पाण्यात बसूनच म्हणाले, ‘‘पडनू ना माय.’’ मग काय, आम्हाला ओढून बाहेर काढलं, पालापाशी उन्हात बसवलं, चष्मा शोधून आणला, घोट्याला हळद गरम करून लावली. आणि पुढ्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा आला. विजयरावांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, ‘‘मन्ही माय अशीच भाकर करे.’’ उषाबाईंनी न विचारता आणखी अर्धी वाढली. त्यांची आई जाऊन किती वर्षं झाली मला माहीत नाही, मी विचारलं नाही. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं असं ते म्हणाले आणि मीही तेच म्हणालो.

तिथे बसल्या बसल्या ते मला जे बोलले ते आपल्याला सांगू नका असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून थोडक्यात सांगतो. म्हणाले, ‘‘गजेंद्रराव, ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा पडलो. घरी मला कुणी पडूच देत नाही.’’ म्हणाले, बादली उचलायची नाही, दूध आणायचं नाही, जिन्यावर एकट्यानं जायचं नाही. तक्रार नव्हती हो. आपण त्या दिवसांत दवाखान्यातल्या बाकावर कशा बसून होता, दोन दिवस घरी गेला नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं आणि सांगताना ठेच्याची वाटी बाजूला ठेवली. आपली भीती खोटी आहे असं मी कसं म्हणू? आपल्या जागी माझी सुंदरा असती तर तिनं मला खाटेला बांधून ठेवलं असतं.

परतीचं आता फार लांबवत नाही. घोटा सुजला, सायकल चालवणं शक्य नव्हतं, तेव्हा तोडणीवाल्यांनी आम्हाला उसाच्या ट्रॅक्टरवर बसवलं. बसल्यावर कळलं की उसाचा ट्रॅक्टर साखर कारखान्याकडेच जातो, म्हणजे आमच्या घराच्या बरोबर उलट दिशेला. आम्ही, दोन सायकली आणि ऊस, सगळे मिळून कारखान्याच्या वजनकाट्यावर चढलो. तिथल्या माणसानं वर बघितलं आणि गुजरातीत विचारलं, काका, तुम्हीपण गाळपाला का? विजयराव इतके हसले की ट्रॅक्टरवाल्याला वाटलं त्यांना काही होतंय. तिथून रिक्षा मिळेपर्यंत दुपार झाली. दारात सुंदरा उभी होती. ती मला काय म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तर झाला प्रकार हा असा आहे. दोष माझा. घोट्यामुळे परवाचं तिकीट रद्द करावं लागलं त्याबद्दल क्षमा असावी. लहानांना आशीर्वाद.

आपला व्याही,
गजेंद्र बोरसे

ता. क. हे पत्र विजयरावांनी वाचलं आणि त्यात खड्डा त्यांनीच घालायला लावला. मी खोटं लिहून झोपू शकत नाही. खड्डा नव्हता. कॉलेजात ते हात सोडून सायकल चालवत, ते मला दाखवत होते. मीही सोडले होते.

आणखी एक. घोटा चार दिवसांपूर्वीच बरा झाला. रोज सकाळी ते पुष्पाबाईंच्या सायकलीवर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन दूध आणतात. चेतनरावांनी डॉक्टरांना विचारलं आहे, सपाट रस्त्यावर हळू चालेल असं ते म्हणाले. आपल्याला सांगायचं धाडस बापलेकांपैकी कुणाला झालं नाही, म्हणून माझ्यावर आलं.

शेवटचं, हे त्यांना दाखवलेलं नाही. काल त्यांनी माझ्या सायकलीचं कॅरिअर दुकानातून घट्ट करून आणलं. चाळीसगावला नवीन बिऱ्हाड असताना आपण दोघं संध्याकाळी डबल सीट नदीपर्यंत जात होता म्हणे, आणि आपण मागून त्यांना खड्डे सांगत होता. आता लांब न्यायची त्यांना परवानगी नाही, देऊही नये. आमच्या ओट्यापासून पुष्पाबाईंच्या दारापर्यंत पन्नास पावलं आहेत, आपण आलात की तेवढंच आपल्याला मागे बसवून न्यायचं ते म्हणतात. सुंदरा कॅरिअरवर बांधायला गादी शिवते आहे आणि मला त्याखाली आपले पाय टेकायला पट्टी लावायची आहे. व्याह्यानं विहिणीला असं विचारू नये, पण आपण पाय कोणत्या बाजूला सोडून बसत होता? ते डावीकडे म्हणतात, पण छातीठोक सांगत नाहीत. पट्टी एकच आहे. येताना कळवलंत तरी चालेल.