माझा जवळचा पुट चुकत नाही

सोमवार, ३ मार्च
क्लबच्या फलकावर नोटीस लागली. शेजारच्या क्लबशी सामना. चौघांची टीम. निवड तेवीस तारखेच्या चाचणीतून. खाली शिट्टीने स्वतःच्या गिचमिड अक्षरात लिहिलंय की पुटिंगचा सराव करा, सामने तिथेच हरतात. शिट्टी म्हणजे आमचा कोच. गळ्यात शिट्टी अडकवून गोल्फ शिकवणारा हा जगातला एकमेव माणूस असावा.

टीममध्ये मी असणारच. प्रश्न उरलेल्या तिघांचा आहे.

मंगळवार, ४ मार्च
पुट म्हणजे काय, तर ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर पोचलेला चेंडू हलकेच ढकलून होलात घालायचा. बस. याला ज्यांना सराव लागतो त्यांना चमचा तोंडापर्यंत न्यायलाही सराव लागत असेल.

माझा जवळचा पुट गेल्या कित्येक वर्षांत चुकलेला नाही. आमची रविवारची चौकडी साक्षीला आहे. मी, हिचा धाकटा भाऊ, दातवाला डॉक्टर आणि वकील. माझा चेंडू होलाच्या आसपास थांबला रे थांबला की तिघांपैकी कोणीतरी 'दिला' म्हणतं. दिला म्हणजे मारायची गरज नाही, पडला असं धरून चालायचं. मी चेंडू उचलतो, खिशात टाकतो, पुढे निघतो. दातवाल्याला कोणी काही देत नाही. त्याला वीतभरावरूनसुद्धा घालून दाखवावा लागतो. मान असतो एकेकाचा.

गुरुवार, ६ मार्च
शिट्टीचा संध्याकाळचा वर्ग. विषय: सराव रंजक कसा करावा. निव्वळ करमणूक म्हणून गेलो.

म्हणे, एकाच जागेवरून ढीगभर चेंडू मारत बसलं की माणूस कंटाळतो आणि डोकं बंद पडतं. म्हणून खेळ करा. एका खेळाचं नाव शिडी. एका पावलावरून घातला की दोन पावलांवर जायचं, मग तीन. चुकला की पुन्हा पहिल्या पायरीवर. दुसरा घड्याळ. होलाभोवती आकड्यांच्या जागी चेंडू मांडायचे आणि फिरत फिरत घालायचे. चुकण्याला काहीतरी शिक्षा हवी, म्हणजे हात थोडा कापतो आणि खऱ्या सामन्याची सवय होते. वयाने वाढलेली माणसं मान डोलावत हे सगळं ऐकत होती. वकील तर लिहून घेत होता. मला वाटलं, आता टोप्या आणि फुगे वाटतील.

मी शिट्टीला विचारलं की ज्यांचं पुटिंग मुळातच चांगलं आहे त्यांनी काय करायचं. तो म्हणाला की असा माणूस त्याला अजून भेटलेला नाही. रविवारी सकाळी हा झोपलेला असतो, त्याला कुठून भेटणार?

शनिवार, ८ मार्च
सहज म्हणून घरी दोन-चार पुट मारून पाहिले. हॉलमधल्या गालिच्यावर स्टीलचा पेला आडवा ठेवला. अंतर किरकोळ. चेंडू पेल्याच्या डावीकडून गेला. मग उजवीकडून. मग टीव्हीखाली.

गालिच्याचे धागे एका बाजूला झोपलेत. गालिचा फिरवून घातला. त्यासाठी सोफा हलवावा लागला. आता धागे दुसऱ्या बाजूला झोपलेत. हिला विचारलं की असला गालिचा निवडला कोणी. ही म्हणाली की तुम्हीच. म्हणजे मी. मला आठवत नाही.

रविवार, ९ मार्च
चौकडी. दिवसभरात माझा एकही जवळचा पुट चुकला नाही. सगळे दिले गेले. गालिचाच खोटा, हे सिद्ध झालं.

सोमवार, १० मार्च
नवा पुटर, म्हणजे पुट मारायची काठी, घेतला. हा तिसरा. आधीच्या दोन्हींचा तोल बिघडला होता. दुकानदार म्हणाला की या पुटरने चेंडू आपोआप सरळ जातो. शेवटी यंत्र हे यंत्र.

बुधवार, १२ मार्च
चेंडू आपोआप फ्रिजखाली गेला.

हिने कुठूनतरी शिट्टीच्या खेळांबद्दल ऐकलंय. भावाने सांगितलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही. हिने माझा जुना पुटर उचलला आणि म्हणाली की जो चुकेल त्याने चहा करायचा. मी हसलो. पण घरातल्या माणसाचा उत्साह मोडू नये म्हणून खेळलो. ही एका हातात फोन धरून, बहिणीशी बोलत बोलत ढकलते. नेम नाही, पवित्रा नाही, काही नाही. चेंडू पेल्यात जातो, हा केवळ योगायोग. याला तंत्र म्हणत नाहीत.

आज चहा मी केला. हिला तेवढाच आराम.

गुरुवार, १३ मार्च
चहा मी केला.

शुक्रवार, १४ मार्च
चहा दोन्ही वेळेला मी केला. मला चहा उत्तम जमतो, हे हिने आज मोकळ्या मनाने मान्य केलं. खेळ बंद. रंजक सरावाने माणूस मूळ ध्येयापासून ढळतो, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

रविवार, १६ मार्च
चौकडी. शिट्टी कधी नव्हे तो लवकर उठून नेमका आमच्या ग्रीनजवळून चालला होता. माझा चेंडू होलापासून हातभर. शिट्टी थांबला आणि म्हणाला की हा मारून दाखवा. मी पवित्रा घेणार, तेवढ्यात मेव्हण्याने धावत येऊन 'दिला, दिला' म्हणत चेंडू पायानेच दूर सारला. दातवाला म्हणाला की वेळ होतोय. वकिलाने झेंडा परत होलात रोवलासुद्धा.

या तिघांचा माझ्यावरचा विश्वास पाहून भरून आलं. शिट्टीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

मंगळवार, १८ मार्च
टेलरकडे जाऊन टीमच्या कोटाचं माप दिलं. ऐन वेळी घाई नको. टेलरने विचारलं की क्लबचं चिन्ह कुठे लावायचं. म्हटलं, दिसेल तिथे.

गुरुवार, २० मार्च
मुलीचा फोन. टीममध्ये निवड झाल्याचं सांगितलं. तिला आनंद झाला. कधी झाली, म्हणाली. येत्या रविवारी, म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, कधी? लाइन खराब असावी.

शनिवार, २२ मार्च
विश्रांती. मोठे खेळाडू आदल्या दिवशी हात लावत नाहीत. मी तर आठवडाभर लावलेला नाही.

रविवार, २३ मार्च, सकाळ
हवा छान. नवा पुटर पुसला. ही दारापर्यंत आली आणि म्हणाली की जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. बायकांना कुठल्या दिवशी काय बोलावं हे कळत नाही.

रविवार, २३ मार्च, दुपार
जेवलो नाही.

घडलं ते असं. सुरुवातीला शिट्टीने सगळ्यांना गोळा करून नियम वाचून दाखवले. तेव्हा मी वकिलाला नव्या पुटरचा तोल समजावत होतो. शिट्टीचं नेहमीचंच काहीतरी चाललंय, असं वाटलं. वकील आणि मी एकत्र खेळणार होतो. पहिला होल झकास. माझा चेंडू ग्रीनवर, होलापासून हातभर. मी गेलो, चेंडू उचलला, खिशात टाकला आणि पुढे निघालो. वकील पेन्सिल हातात धरून मागोमाग आला. दुसऱ्या होलच्या सुरुवातीला मी असा फटका मारला की तसा आयुष्यात मारला नव्हता. चेंडू बराच वेळ हवेत होता. तो खाली आल्यावर वकिलाने घसा साफ केला आणि विचारलं की पहिल्या होलचा आकडा काय लिहू?

चाचणीत कोणी कोणाला काही देत नाही. प्रत्येक पुट होलात घालावाच लागतो, मग तो बोटभर का असेना. चेंडू उचललाच, तर पुढचा फटका मारायच्या आत तो परत ठेवून घालावा लागतो. पुढचा फटका मी मारला होता. बाद.

बाकीचे खेळाडू अठरा होल खेळले. मी एक खेळलो, तोही पुरता नाही.

वकिलाला विचारलं की आधी का नाही सांगितलं. म्हणाला की मला वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही परत ठेवाल. फटका मारून होईपर्यंत वाटच पाहत होता. वकील तो वकीलच. प्रकरण होऊ दिल्याशिवाय त्यांचं चालत नाही.

सोमवार, २४ मार्च
कमिटीला अर्ज दिला. मुद्दा असा की चेंडू हातभरावर होता आणि तिथून मी चुकत नाही, हे सर्वश्रुत आहे.

बुधवार, २६ मार्च
अर्ज फेटाळला. शिट्टी म्हणाला की चुकत नाही हे ठीक, पण तुम्ही तो मारल्याचं पाहणारा एक माणूस आणा. मी म्हटलं, तीन आणतो.

टीमची यादी लागली. दातवाला टीममध्ये आहे. वीतभराचे पुट घालून घालून त्याचा हात बसलाय म्हणे.

शुक्रवार, २८ मार्च
मेव्हणा जेवायला आला होता. मी विषय काढला. म्हटलं, कमिटीसमोर येऊन सांग की तुम्ही मला पुट का देता. तो ताटात बघत बसला. मी पुन्हा विचारलं. मग तो म्हणाला, "भाऊजी, ताईनेच सांगितलं होतं द्यायला. तुम्ही चुकलात की घरी दोन-दोन दिवस कोणाशी बोलत नाही."

ही पाणी आणायला उठली. पाणी टेबलावरच होतं.

नंतर हिला विचारलं. ही शांतपणे म्हणाली की हो, सांगितलं होतं. मुलगी शाळेत होती तेव्हापासून. रविवारी दुपारी मी आलो की मुलगी आधी माझा चेहरा बघायची आणि मग ठरवायची की हॉलमध्ये बसायचं की खोलीत. जेवताना मीठ मागायचीसुद्धा कोणाला सोय नसायची. एका रविवारी हिने भावाला फोन केला. पुढच्या रविवारी मी शीळ घालत घरी आलो. मग तेच चालू राहिलं.

हे खरं असणं शक्य नाही. मी शीळ घालत नाही.

शनिवार, २९ मार्च
झोप लागली नाही. मुलीला फोन करावा असं दोनदा वाटलं. काय विचारायचं ते सुचलं नाही.

निर्णय घेतला. चौकडीला कळवलं की यापुढे मला कोणी एकही पुट द्यायचा नाही. दया नको. तिघांनीही लगेच होकार दिला. जरा जास्तच लगेच.

रविवार, ३० मार्च
कोणी दिला नाही.

पहिल्या होलला हातभरावरून तीन मारले. दुसऱ्याला मोजले नाहीत. चौथ्यापर्यंत मागे दोन ग्रुप उभे होते आणि एक जण छत्री उघडून खुर्चीवर बसला होता. दातवाल्याचा पेशंट दवाखान्यात गाल धरून ताटकळत होता, म्हणून तो अर्ध्यातून गेला. वकिलाला अचानक कुठल्यातरी साक्षीदाराची आठवण झाली. मेव्हणा राहिला. तो माझ्याकडे न बघता आभाळ बघत होता. मला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती. ग्रीनचं गवत नीट कापलेलं नाही.

घरी येऊन मुद्दाम बोललो. हवेबद्दल बोललो, भाजीबद्दल बोललो. हिने दोनदा विचारलं की बरं वाटतंय ना.

गुरुवार, ३ एप्रिल
शिट्टीच्या शिडीचा खेळ एकट्याने करून पाहिला. एका पावलावरून. संध्याकाळभर पहिल्या पायरीवर होतो.

रविवार, ६ एप्रिल
कोणाचा फोन आला नाही. तिघेही कामात असतील.

सहज क्लबवर चक्कर मारली. तिघेही पाचव्या होलवर होते. सोबत चौथा शिट्टी. रविवारी सकाळी हा झोपलेला नसतो तर. माझ्या जागी उभा राहून काहीतरी सांगत होता आणि बाकीचे पोट धरून हसत होते. माझ्यासोबत ते असे कधी हसल्याचं आठवत नाही. मी झाडामागे उभा होतो. उन्हापासून बचाव म्हणून.

मंगळवार, ८ एप्रिल
टेलरचा फोन, कोट तयार आहे. म्हटलं, सध्या बाहेरगावी आहे. तो म्हणाला की आत्ताच तर तुम्ही माझ्या दुकानासमोरून जाताना दिसलात.

शुक्रवार, ११ एप्रिल
सगळ्या बाजूंनी विचार केला. भावनेच्या भरात निर्णय घेऊ नयेत. दातवाल्याचे पेशंट आहेत, वकिलाचे साक्षीदार आहेत, मागे लोक खोळंबतात. माझ्या एकट्याच्या स्वाभिमानापायी चौघांचा रविवार का घालवायचा? मेव्हण्याला फोन केला. म्हटलं, माझी काही हरकत नाही, पूर्वीसारखं करायचं असेल तर करा. तो म्हणाला की मग रविवारी या. आणि हो, बाकीच्यांना मी सांगतो.

मी म्हटलं की ताईला सांगू नकोस. ही माझ्या शेजारीच बसली होती.

रविवार, १३ एप्रिल
चौकडी पुन्हा जमली. सगळे फारच प्रेमाने वागत होते. दातवाल्याने माझी बॅगसुद्धा उचलून दिली.

पहिल्या होलला माझा चेंडू ग्रीनच्या अलीकडे वाळूच्या खड्ड्यात पडला. मी उतरलो. तिथून झेंड्याचं फक्त टोक दिसत होतं. पाय रोवून फटका मारायच्या तयारीत होतो, तेवढ्यात वरून दातवाल्याचा आवाज आला, दिला. पाठोपाठ वकिलाचा. मेव्हणा तर पुढच्या होलकडे चालायलाही लागला होता.

मी चेंडू उचलला, वाळू झटकली आणि खड्ड्यातूनच थँक यू म्हणालो.