क्रीमच्या डबीतल्या गोळ्या

प्रिय टिल्ल्या,

फोनवर तू दर वेळी माझ्या गुडघ्याची चौकशी करतोस आणि मुद्द्याला बगल देतोस, म्हणून हे लिहितेय. दुकानात गिऱ्हाईक नाही. चष्म्यांच्या काचा पुसून पुसून हात भरून आलेत. तुझा बदलीचा अर्ज वकीलबाईंकडे तसाच पडून आहे. तू सही केलीस तर उरलेली शिक्षा इथल्या तुरुंगात भोगता येईल आणि मला बसने भेटायला येता येईल. पण गुन्हा कबूल केल्याशिवाय तिकडचं सरकार सोडत नाही, आणि तू म्हणतोस, केलाच नाही तो कबूल कशाला करू.

तुझं खरं आहे रे, मी कुठे नाही म्हणतेय? ज्या गोळ्या आपल्या कोपऱ्यावरचा औषधवाला डॉक्टरांची चिठ्ठी बघून निमूट देतो, त्यांच्यासाठी तिकडे तुझी उमेदीची वर्षं गेली. हा कुठला न्याय, असं मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अमली पदार्थांच्या करारावर दोन्ही देशांच्या सह्या आहेत, पण शिक्षा किती ते ज्याचं त्याने ठरवायचं. वर तू इथे आलास तरी भोगायची तिकडचीच शिक्षा, तसाही करार झालेला आहे. माझं डोकं भणाणून गेलं. तिथून निघाले ती भलत्याच बसमध्ये बसले.

आणि ती डबी! आईला पसारा म्हणून खपत नाही, साखरेपासून टाचण्यांपर्यंत सगळं डब्यांत. तू क्रेनवरच्या नोकरीसाठी निघालास तेव्हा तुझ्या पाठदुखीच्या गोळ्या तिने पट्टीतून एकेक सोलून क्रीमच्या रिकाम्या डबीत भरल्या, वर कापूस दाबला. चिठ्ठी राहिली घरी, फ्रिजवर. तिकडच्या कोर्टात तिच्या टापटिपीला ‘लपवून आणलेला माल’ म्हणाले. कोणी भरल्या, असं विचारल्यावर तू ‘मीच’ म्हणालास. तेव्हा मला तुझा अभिमान वाटला आणि भयंकर रागही आला. एवढं खोटं आईसाठी पचवलंस, मग हे दुसरं का घशाखाली उतरत नाही तुझ्या?

आईला आपण व्हिसाची भानगड आहे एवढंच सांगितलं होतं. परवा वकीलबाईंचा फोन नेमका तिने उचलला आणि त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. रडली नाही. जेवली, भांडी घासली आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्टच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिकडे जाऊन जजसाहेबांना सांगणार आहे, डबी मी भरली, पोराला सोडा. वकीलबाईंनी हात जोडले, म्हणाल्या, पोरगा सुटणार नाही, तुम्ही मात्र आत जाल. तर म्हणते, जाईन की. माझं तर ती ऐकूनच घेत नाही. तू इकडे येतोयस असं कळलं तरच थांबेल. म्हणून सही कर, टिल्ल्या. खरं काय ते आपल्या तिघांना ठाऊक आहे, तेवढं पुरे. तुझ्यासाठी भांडता भांडता मी थकले रे. तिच्यासाठी भांडायला माझ्यात त्राण उरलेलं नाही.

तुझीच, दमलेली
ताई