खिशातले हात

३ जून
आले एकदाची! खोली छान आहे. खिडकीतून समोरच पुनर्वसन केंद्राचा दरवाजा दिसतो, म्हणजे उशीर झाला तर सबब सांगायची सोय नाही. ही डायरी आईने दिली. माझं अक्षर मोत्यासारखं आहे, ते वाया जाऊ नये म्हणाली. आत्याला अजूनही वाटतं की ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणजे लोकांना नोकऱ्या लावून देणारी. तिला पुन्हा समजावलं: आजारात किंवा अपघातात रोजची कामं जमेनाशी झालेल्या माणसाला बटण लावणं, जेवणं, लिहिणं नव्याने शिकवायचं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते ठीक गं, पण नोकरीचं काय? हात टेकले मी.

वर्षभर केंद्राच्या प्रमुखांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या देखरेखीखाली काम करायचं. त्यांनी पसंती दिली की स्वतःची प्रॅक्टिस सुरू करता येईल. पाटीवर काय लिहायचं तेसुद्धा माझं ठरलंय.

५ जून
मोठ्या बाई हुशार आहेत, यात वाद नाही. दारातून एक नजर टाकतात आणि रुग्णाचं कोणतं बोट कामचुकारपणा करतंय ते सांगतात. पण स्वतःचे हात अ‍ॅप्रनच्या खिशातून बाहेर काढतील तर शपथ! रुग्णाला हात मीच लावायचा. मदतनीस बाईंनी लावायचा नाही, असा इथला दंडक. मदतनीस बाई मोठ्या बाईंसाठी दार उघडतात, त्यांचा चष्मा पुसतात, कपात स्ट्रॉ घालून चहा पुढे धरतात. काय हा थाट! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

शिकवायची पद्धत मात्र नेहमीचीच. रुग्णाच्या हातावर आपला हात ठेवून काम करून घ्यायचं, मग आपला हात हळूहळू हलका करत काढून घ्यायचा. बाई एवढंच म्हणाल्या, की हात जपून वापर. मला वाटलं जंतूंबद्दल बोलतायत. दोनदा साबण लावला.

१४ जून
बसचालक काकांनी आज शर्टाची सगळी बटणं स्वतः लावली! अर्धांगवायू झाल्यापासून पहिल्यांदाच. त्यांची बायको रडली, मीही रडले. मोठ्या बाईंनी नुसती मान हलवली. कौतुकाचा एक शब्द काढला तर जीभ झिजते का?

रात्री कपडे बदलताना माझंच बटण लागेना. दमले असेन.

१६ जून
अजून लागत नाही. शेवटी टी-शर्ट घालून गेले. मोठ्या बाईंनी पाहिलं आणि काही न विचारता मदतनीस बाईंना सांगितलं, हिला बिनबटणांचा अ‍ॅप्रन दे. माझ्या मापाचा तयारच होता. संताप आला. नक्की कशाचा, ते सांगता येत नाही.

२७ जून
यंत्रात बोटं सापडलेल्या एका आईला लेकीची वेणी घालता यायला हवी होती. आज घातली. घट्ट आणि सरळ. लेक आरशासमोरून हलेना.

घरी येऊन मी केस सोडले, तीन पेड हातात घेतले आणि तशीच बसून राहिले. पुढे काय करायचं असतं? बोटं दुखत नाहीत, बधिरही नाहीत. त्यांना फक्त येत नाही.

२८ जून
मोठ्या बाईंना जाब विचारला. त्या म्हणाल्या, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रुग्णांना हे सगळं कुठून मिळतं असं वाटलं होतं तुला? मी ओरडले, की मग हे नियमांत कुठे लिहिलेलं का नाही? त्या म्हणाल्या, लिहिणार कोण? आणि हात खिशातून बाहेर काढले.

तान्ह्या बाळाचे असतात तसे. मऊ, मुठी वळलेले. त्या मुठी त्यांना उघडता येत नव्हत्या. मदतनीस बाईंनी ते हात उचलून परत खिशात ठेवले.

दंडक आता समजला. कुणाचे तरी हात शाबूत राहायला हवेत ना, बाकीच्यांना भरवायला.

१ जुलै
नोकरी सोडते म्हटलं. खुशाल जा, मोठ्या बाई म्हणाल्या. पण रुग्णाला अर्ध्यावर टाकून गेलीस तर ती हयगय, मग कुठेच कुणी काम देणार नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! आणि अर्ध्यावर कोण, तर उजवा हात लुळा पडलेले मास्तर. त्यांना फक्त लिहायचंय. मुलाने अबोला धरलाय, फोन उचलत नाही. त्याला स्वतःच्या हाताने चार ओळी लिहायच्यात.

मलाही लिहायचंय. माझ्याकडे दुसरं उरलंय काय?

४ जुलै
हात पाठीमागे घट्ट धरून शिकवते. नुसतं तोंडाने. मास्तर घामाघूम होतात, एक रेघ उमटत नाही. त्यांची दया येते. रागही येतो. मग स्वतःचाच —

८ जुलै
मास्तरांनी माझा हात ओढला. आपल्या हातावर ठेवून दाबून धरला. सुटेना. पोरी, माफ कर, म्हणाले. म्हणजे त्यांना माहीत होतं. बसचालक काकांनाही? त्या आईलाही —

मुलाचं नाव लिहिलं त्यांनी. अक्षर माझं.

९ जुलै
एकेक अक्षर आठवून काढावं लागतंय. मोठ्या बाई पहिल्यांदाच हसल्या. पसंत आहेस म्हणाल्या. वर्ष थांबायची गरज नाही. सोमवारपासून देखरेख मी करायची. नवी मुलगी येतेय. फार हौशी आहे म्हणे.

नवा अ‍ॅप्रन मिळाला. खिसे मोठे —

१० जुलै
तोंडी सांगून उपयोग नाही. मी तरी कुठे ऐकलं — साबण लावून मोकळी झाले. लिहूनच ठेवते. तिच्या टेबलावर. लवकर —

मुली, परत जा. इथे कुणाच्या हाता